इसुझूवरचा पूल आणि भिक्षुणीची झोळी

देवाच्या वाटेवर नदी आडवी आली की पूल लागतो. पूल कोणी बांधला, हे मात्र ओलांडणारा सहसा विचारीत नाही. जपान देशातील इसे या क्षेत्रातला एक लाकडी पूल आज चिंतनाला घेऊ.

इसे हे शिंतो पंथाचे श्रेष्ठ क्षेत्र. तेथील आतल्या देवस्थानाला नाईकू म्हणतात आणि त्याची देवता अमातेरासू, म्हणजे सूर्यदेवी. तिच्याकडे जायचे तर इसुझू नदीवरचा उजी पूल ओलांडावा लागतो. लांबी सुमारे १०२ मीटर, रुंदी साडेआठ मीटरांच्या आतबाहेर. खालचे खांब केयाकी नावाच्या टणक लाकडाचे, वरच्या फळ्या सुगंधी हिनोकीच्या. दोन्ही टोकांना तोरी नावाच्या लाकडी कमानी आहेत. लोक कमानीपाशी थांबतात, मान लवून नमस्कार करतात, मग पाऊल टाकतात. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी गळू नये म्हणून त्या बसवायला नावा बांधणारे सुतार लागतात. सुतारकाम जाणणाऱ्याला यातले मर्म कळेल.

दर वीस वर्षांनी इसेची देवालये नव्याने बांधून देवाला नव्या घरी नेतात. हा परिपाठ इसवी सन ६९० पासूनचा. पूलही वीस वर्षांनी नवा होतो. देवालयाचा १९४९ चा सोहळा महायुद्धातील पराभवामुळे लांबणीवर पडला, पण पूल तेवढा त्या वर्षी बांधला गेला, आणि तेव्हापासून पूल आधी, देवालय चार वर्षांनी, असा क्रम पडला. सध्याचा पूल २००९ चा आहे.

पण हा परिपाठ अखंड चालला असे समजू नका. पंधराव्या शतकात जपानात यादवी माजली, सरदार एकमेकांच्या उरावर बसले, राजाच्या तिजोरीत खडखडाट झाला. बाहेरच्या देवस्थानाचा सोहळा १४३४ नंतर १२९ वर्षे झाला नाही. आतल्याचा १४६२ नंतर १२३ वर्षे झाला नाही. म्हणजे पाच-सहा पिढ्या तो न पाहताच गेल्या. पुलाचेही हाल झाले.

अशा वेळी पुढे कोण आले? राजा नाही, सरदार नाही, पुजारीही नाही. बौद्ध भिक्षुणी आल्या. शुएत्सू नावाच्या भिक्षुणीने पुलासाठी दारोदार भिक्षा मागितली. तिच्या परंपरेतील सेइजुन हिने १५४९ साली पूल नव्याने उभा केला. तिच्या मठाला बादशहाने केइकोइन हे नाव दिले. बाई तेवढ्यावर थांबली नाही. झोळी घेऊन फिरत राहिली आणि १५६३ साली बाहेरच्या देवस्थानाचा खंडित सोहळा तिने पार पाडला. तिच्यामागून आलेल्या शुयो हिच्या खटपटीने १५८५ साली दोन्ही देवस्थानांचे सोहळे झाले. तेव्हा नोबुनागा आणि हिदेयोशी या सत्ताधीशांचा पैसाही आला, हे खरे. पण सत्तेचा पैसा उशिरा आला. भिक्षेचा आधी आला होता.

आता यातली मेख ऐका. बौद्ध भिक्षू आणि भिक्षुणी यांनी इसेच्या मुख्य देवालयासमोर जाऊ नये, असा त्या क्षेत्राचा जुना दंडक होता. त्यांच्यासाठी दुरून हात जोडण्याची वेगळी जागा होती, आणि आतल्या देवस्थानापाशी ती नदीच्या पैलतीरावर होती. बाशो हा थोर कवी १६८४ साली तेथे गेला. तो काही दीक्षित भिक्षू नव्हे, पण डोके मुंडलेले होते. तेवढ्यावरून त्याला देवापुढे जाऊ दिले नाही, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. तेव्हा पाहा, जिच्या झोळीतून पूल उभा राहिला, ती त्याच वर्गातली होती, ज्याला समोर जाण्याची मनाई. तुम्हाला महाद्वारापुढची चोखोबांची समाधी आठवली असेल. मलाही आठवली. तुलना लांबवीत नाही, कारण तिथला भेद पंथाचा होता, जातीचा नव्हे.

पुढे शांतता आली आणि त्या पुलावर लोकांचा पूर लोटला. ओकागे-माईरी म्हणून सामुदायिक यात्रा उसळत, साधारण साठ वर्षांच्या अंतराने. १८३० साली काही महिन्यांत चाळीस लाखांवर माणसे इसेला गेल्याचे सांगतात. नोकर धन्याला, मुले आईबापांना न विचारता निघत. अनेकांच्या हाती फक्त लाकडी पळी असे, आणि वाटेवरचे लोक त्यांना अन्न-पैसे देत. देवाचा प्रसाद घेऊन परतलेल्याला धनी सहसा शिक्षा करीत नसे. इतक्या पायांखाली फळ्या झिजणारच.

नव्या पुलावरून पहिले पाऊल कोणाचे? त्याच गावच्या एका वृद्ध स्त्रीचे. तिच्यामागे एकाच घरातल्या तीन पिढ्यांची जोडपी चालतात, मग बाकीचे लोक. जुन्या देवालयांचे मोठे खांब पुलाच्या दोन कमानींना लागतात, आणि वीस वर्षांनी त्या कमानी जुन्या यात्रामार्गावरील कुवाना आणि सेकी या गावांना जातात.

केइकोइन मठ १८६९ साली बंद झाला. सरकारने बौद्ध आणि शिंतो यांची फारकत केली, त्यात तो गेला. त्याची जुनी वास्तू मात्र पुलापासून जवळच उभी आहे, आणि आज ती देवस्थानाच्या मुख्य पुरोहितेच्या निवासासाठी आहे.