युक्लिड आणि राजमार्ग
भूमितीला राजमार्ग नसतो असे युक्लिडने टॉलेमी राजाला सुनावले, ही गोष्ट इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. ती सांगणारा युक्लिडचा भाष्यकार प्रोक्लस इसवी सनाच्या ५व्या शतकातला, म्हणजे युक्लिडनंतर ७०० वर्षांनी झालेला, शिवाय स्टोबियसच्या संग्रहात हेच उत्तर गणिती मेनेक्मस अलेक्झांडरला देतो. प्रोक्लसला युडेमसच्या जुन्या भूमिती-इतिहासाचा आधार होता, असा आक्षेप येईल. पण युडेमस अॅरिस्टॉटलचा शिष्य, युक्लिडच्या आधीच्या पिढीतला. त्याच्या ग्रंथात ही गोष्ट असणे संभवत नाही. उलट, युक्लिडचा काळ ठरवायलाही प्रोक्लसला आर्किमिडीजने केलेला उल्लेख पुढे करावा लागतो, यावरून त्याच्या हातातली चरित्रसामग्री किती तुटपुंजी होती ते दिसते.