गरोदरपणातला व्यायाम आणि १४० चा आकडा

‘दिवस गेलेत, आता पळणं बंद करू का?’ असा प्रश्न अनेकींना पडतो. ‘नाडीचे ठोके १४० च्या वर जाऊ देऊ नका,’ असा सल्लाही तुम्ही ऐकला असेल. हा आकडा आला कुठून?

१९८५ साली अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नियम केला: ठोके मिनिटाला १४० च्या आत ठेवा आणि दमवणारा व्यायाम १५ मिनिटांपेक्षा जास्त करू नका. आईचं अंग तापलं तर बाळाला अपाय होईल आणि रक्त स्नायूंकडे वळून गर्भाशयाला कमी पडेल, अशी भीती होती. ठोस पुरावा थोडाच होता. आकडा सावधगिरीचा होता.

पुढे डॉ. जेम्स क्लॅप यांच्यासारख्या संशोधकांनी पळणाऱ्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. निरोगी आईचं शरीर व्यायामाशी चांगलं जुळवून घेतं, असं दिसलं. १९९४ मध्ये १४० ची अट निघाली. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, अडचण नसेल तर, गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवला.

गरोदरपणात विश्रांती घेतानाही नाडी जलद असते. म्हणून ठोके मोजण्यापेक्षा, व्यायाम करताना सहज बोलता येतंय का, ते पाहा. आधीपासून पळत असाल तर डॉक्टरांना विचारून चालू ठेवता येतं. नव्याने सुरुवात करायची असेल तर चालणं उत्तम. रक्तस्राव झाला, पाणी गेलं, चक्कर आली, छातीत दुखलं किंवा कळा आल्या, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. वार खाली असेल किंवा गरोदरपणामुळे रक्तदाब वाढला असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

बाळंतपणानंतर मात्र घाई नको. धावपटू पॉला रॅडक्लिफ जानेवारी २००७ मध्ये आई झाली आणि नोव्हेंबरात तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. हे सर्वांना आठवतं. पण मधल्या काळात तिच्या पाठीच्या कण्याच्या तळाच्या हाडाला बारीक तडा गेला होता, हे फार कुणी सांगत नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी सुचवलं, की पळणं तीन महिन्यांनंतरच सुरू करावं, तेही ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सावरल्यावर.

आपल्याकडे सव्वा महिना विश्रांतीचा मानतात. त्या काळातही हळूहळू चालणं आणि ते स्नायू आवळण्याचा व्यायाम बहुतेकींना करता येतो. पुढे पळताना लघवी गळली किंवा खाली जडपणा वाटला, तर लाजू नका. त्यावर उपचार आहेत.