कमला सोहोनी : विकरांच्या अभ्यासातील एक संशोधनजीवन

भारतीय जीवरसायनशास्त्राच्या इतिहासात डॉ. कमला सोहोनी (१९११–१९९८) यांचे नाव बहुधा एका प्रवेशअर्जाच्या संदर्भात घेतले जाते. मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान या विषयांतील पदवी गुणवत्तेने मिळविल्यावर १९३३ मध्ये त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो, अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणाने, नाकारला. त्यांनी सत्याग्रहाच्या मार्गाने आपला हक्क लावून धरला, तेव्हा पहिले वर्ष परीक्षेवर राहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. ही हकीकत सर्वश्रुत आहे. ज्या कार्यासाठी हा झगडा झाला, ते कार्य मात्र अल्पश्रुत राहिले आहे.

कमलाबाईंचा जन्म इंदूरचा. वडील नारायणराव भागवत व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि त्याच बंगलोरच्या संस्थेचे विद्यार्थी होते. विदुषी दुर्गाबाई भागवत या थोरल्या भगिनी. बंगलोरला श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला आणि १९३६ मध्ये एम्. एस्‌सी. पदवी मिळविली.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. तेथे प्रथम डेरेक रिक्टर यांच्याबरोबर त्यांनी जो विषय हाताळला, तो अॅड्रिनलिनच्या ऑक्सिडीकरणाचा. मूत्रपिंडावरील ग्रंथीतून रक्तात उतरणारे हे द्रव्य हृदयाला व रक्तवाहिन्यांना संदेश पोहोचविते. परंतु संदेश पोहोचणे जितके आवश्यक, तितकेच तो वेळेवर थांबणेही आवश्यक असते. अॅड्रिनलिन व तत्सदृश अमाइने यांना निकामी करणाऱ्या विकरांपैकी अमाइन ऑक्सिडेज हे एक होय. त्यावर भागवत, ब्लाश्को व रिक्टर यांचा निबंध १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयावरील इप्रोनियाझिड हे औषध याच विकराला रोखते, असे १९५२ मध्ये आढळून आले आणि त्यातूनच पुढे मानसिक नैराश्यावरील औषधांचा एक वर्ग निर्माण झाला.

दुसरा विषय वनस्पतींच्या श्वसनाचा. डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये प्राणी, किण्व व उच्च वनस्पती यांतील सायटोक्रोमचे वर्णन केले होते; तथापि वनस्पतीच्या पेशीत त्याचे कार्य नेमके कसे चालते, याचा उलगडा व्हावयाचा होता. रॉबिन हिल यांच्याबरोबर कमलाबाईंनी बटाट्यासारख्या वनस्पतींच्या ऊतींवर प्रयोग केले. सपुष्प वनस्पतींतही सायटोक्रोमचे ऑक्सिडीकरण करणारे विकर असते, असे या दोघांनी १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. अन्नातून ऊर्जा मोकळी करण्याची ही यंत्रणा वनस्पती व प्राणी यांना समान आहे, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. याच कार्यावरील अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधाला पीएच्. डी. मिळाली.

सायटोक्रोम ‘सी’चा पुढील इतिहास अधिक विस्मयकारक आहे. ते तंतुकणिकेबाहेर पडले की पेशीच्या नियोजित मृत्यूचा संदेश ठरते, असे १९९६ मध्ये शियाओडाँग वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखविले. या उत्तरकालीन शोधाचे श्रेय कमलाबाईंना देणे युक्त होणार नाही. मात्र चयापचय आणि संदेशवहन ही दोन भिन्न दालने नाहीत, हे आज जे स्पष्ट झाले आहे, त्याच्या दोन्ही उंबरठ्यांवर त्यांनी अडीच वर्षांच्या आत काम केले होते, ही नोंद इतिहासाने करणे अगत्याचे आहे.

१९३९ मध्ये स्वदेशी परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची पोषणसंशोधन प्रयोगशाळा आणि १९४७ मधील विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था ही त्यांची कार्यक्षेत्रे झाली. मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांसह वालासारख्या अन्नपदार्थांतील, ट्रिप्सिन या पाचक विकराला अटकाव करणारी द्रव्ये तपासली. हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नव्हता. वैजापूरसारख्या कोरडवाहू मुलखात भाकरीबरोबरची डाळ-उसळ हाच प्रथिनांचा मोठा आधार असतो. आहारातील प्रथिन अंगी लागते की नाही, हे अशा द्रव्यांवर आणि ती नष्ट करणाऱ्या शिजविण्याच्या रीतीवर अवलंबून राहते. नीरेच्या पोषणमूल्यांवरील त्यांच्या कार्यास राष्ट्रपतिपुरस्कार लाभला. पुढे त्या याच संस्थेच्या संचालक झाल्या.

विकर कार्य कसे करते आणि त्याला आवर कसा बसतो, हा एकच प्रश्न या साऱ्या कार्यातून वाहताना दिसतो. बंगलोरच्या दाराशी झालेला अन्याय विसरता कामा नये. पण त्या दारातून आत गेलेल्या संशोधिकेने काय साधले, हे सांगितल्याशिवाय त्या अन्यायाचे खरे मोजमाप होत नाही.