महाड–पोलादपूर परिसर आणि ग्रेव्हज व्याधी : ओळख, निदान व सहजीवनाचा ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासलेखनात प्लेग, देवी, हिवताप, क्षय यांसारख्या साथीच्या वा संसर्गजन्य रोगांना मोठे स्थान मिळाले आहे. त्यामानाने दीर्घकाळ शरीरात राहणाऱ्या, संसर्गाने न पसरणाऱ्या आणि गावाच्या मृत्युनोंदीत क्वचितच उमटणाऱ्या व्याधींचा इतिहास उपेक्षित राहिला. थायरॉइड अर्थात अवटू ग्रंथीची ऑटोइम्यून म्हणजे स्वयंप्रतिरक्षाजन्य अतिक्रियता ही अशीच एक व्याधी होय. वैद्यकात ती ‘ग्रेव्हज व्याधी’ या नावाने ओळखली जाते. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये ती कितीतरी पटींनी अधिक आढळते, आणि तीही प्रामुख्याने तारुण्यात व मध्यमवयात, म्हणजे संसाराचा आणि शेतीचा भार सर्वाधिक असतो त्या वयात.

प्रस्तुत लेखात या व्याधीच्या ज्ञानाचा इतिहास आणि रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांची परिस्थिती यांचा एकत्रित विचार केला आहे. व्याधी ओळखणे, ती मोजून सिद्ध करणे आणि तिच्यासह जगणे या तीन गोष्टी वैद्यकाच्या इतिहासात वेगवेगळ्या काळी शक्य झाल्या. या डोंगराळ परिसरात त्या तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्या राहिल्या, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

व्याधीची ओळख : प्राचीन संज्ञा व आधुनिक वर्णन

मानेवरील सुजेसाठी ‘गलगंड’ ही संज्ञा सुश्रुतसंहितेपासून प्रचलित आहे. चरकसंहितेच्या ग्रहणीचिकित्सेत ‘अत्यग्नी’चे वर्णन येते. खाल्लेले अन्न झपाट्याने पचते, भूक शमत नाही आणि शरीर मात्र झिजत जाते, अशी ती अवस्था होय. पुढे तिला ‘भस्मक’ असे नाव मिळाले आणि मराठी बोलीत ‘भस्म्या’ हा शब्द रूढ झाला. आजच्या ग्रेव्हज व्याधीतही भरपूर खाऊन वजन घटते. तथापि भस्मक म्हणजेच ही व्याधी, असे समीकरण मांडणे इतिहासशास्त्राला धरून होणार नाही. एवढेच म्हणता येईल की लोकभाषेजवळ या लक्षणासाठी शब्द होता. मात्र गलगंड आणि भस्म्या हे दोन शब्द एकाच रोगाकडे बोट दाखवू शकतात, ही जाणीव परंपरेत आढळत नाही. मान एका वैद्याकडे आणि भूक दुसऱ्याच कारणाकडे, अशी ही विभागणी होती.

हा सांधा युरोपात एकोणिसाव्या शतकात जुळला. इंग्लंडमधील बाथ येथील केलेब पॅरी यांची निरीक्षणे त्यांच्या मृत्यूनंतर १८२५ मध्ये प्रसिद्ध झाली. डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये तीव्र धडधड आणि अवटू ग्रंथीची वाढ एकत्र असलेल्या स्त्री-रुग्णांचे वर्णन केले. जर्मनीतील मर्सेबर्ग येथील कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० मध्ये गलगंड, बाहेर आलेले डोळे आणि हृदयाची धडधड हे त्रिक मांडले. या तिघांजवळही रक्तचाचणी नव्हती. रुग्णाकडे बारकाईने पाहणे हेच त्यांचे साधन होते, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मोजमाप व उपचार यांचा उदय

विसाव्या शतकात या व्याधीचे स्वरूप उलगडत गेले. १९४१ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे सॉल हर्ट्झ यांनी किरणोत्सारी आयोडीनचा उपचारासाठी वापर केला. अवटू ग्रंथी आयोडीन शोषून घेते. त्यामुळे किरणोत्सारी आयोडीन तोंडावाटे दिले तरी ते नेमके त्या ग्रंथीत पोचते आणि तिच्या पेशींची संख्या घटवते, हे या उपचाराचे तत्त्व होय. १९४३ मध्ये एडविन ॲस्टवूड यांनी संप्रेरकाची निर्मिती रोखणारी औषधे रुग्णांना दिली. आज भारतात सर्रास वापरले जाणारे कार्बिमाझोल हे त्याच मालिकेतील औषध होय.

१९५६ मध्ये न्यूझीलंडमधील ॲडम्स व पर्व्हिस यांना या रुग्णांच्या रक्तात ग्रंथीला दीर्घकाळ उत्तेजित करणारा एक घटक आढळला. तो घटक म्हणजे शरीराने स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड होत, हे पुढे स्पष्ट झाले. सामान्यतः प्रतिपिंडे लक्ष्याचा नाश घडवतात. येथे मात्र ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या आज्ञेची नक्कल करून अवटू ग्रंथीला अखंड कामाला जुंपतात. परिणामी रक्तातील टी-३ व टी-४ ही संप्रेरके वाढतात आणि पीयूषिकेचे टीएसएच जवळजवळ शून्यावर येते. इतकी सूक्ष्म मात्रा मोजणे शक्य झाले ते रेडिओइम्युनोॲसे या तंत्रामुळे. त्यासाठी रोझॅलिन यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

परळ आणि सह्याद्रीचा पायथा

या ज्ञानाची पश्चिम भारतातील वाटचाल महाड–पोलादपूरशी एका अनपेक्षित मार्गाने जोडलेली आहे. तुर्भे येथील सायरस अणुभट्टी १९६० मध्ये कार्यान्वित झाली आणि देशात किरणोत्सारी समस्थानिकांच्या निर्मितीला बळ मिळाले. १९६३ मध्ये मुंबईत परळ येथे अणुऊर्जा विभागाचे विकिरण वैद्यक केंद्र सुरू झाले आणि अवटू ग्रंथीच्या विकारांचे निदान व उपचार हे त्याचे महत्त्वाचे कार्यक्षेत्र ठरले. उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे ८ दिवसांचे असते. हा पदार्थ तालुक्याच्या औषधभांडारात साठवून ठेवण्याजोगा नाही आणि तो हाताळण्यासाठी परवानाधारक यंत्रणा लागते. त्यामुळे उपचार रुग्णाच्या गावी जाणे अशक्य होते. रुग्णालाच उपचारापर्यंत यावे लागे.

परळ हे केवळ रुग्णालयांचे ठिकाण नव्हते. १९२६ मध्ये सुरू झालेले केईएम रुग्णालय आणि १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय ज्या वस्तीत उभे आहेत, ते गिरणगाव होय, आणि गिरणगावातील कामगारवर्गात कोकणातील लोकांचा भरणा मोठा होता. कोकणातील अनेक गावांच्या ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या तेथील चाळींत असत. महाडपासून सुमारे १७० किलोमीटरवर असलेले अत्याधुनिक केंद्र या सामाजिक दुव्यामुळे सर्वस्वी परके राहिले नाही. उतरायला खोली आणि सोबतीला गाववाला असणे ही आरोग्यसेवेच्या कोणत्याही अहवालात न नोंदली जाणारी, परंतु खरीखुरी सुविधा होती. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव विस्कटत गेले. त्याबरोबर हा आधारही क्षीण झाला, ही बाब श्रमिकांच्या इतिहासाइतकीच आरोग्याच्या इतिहासातही नोंदवली जाणे आवश्यक आहे.

या दुव्याची दुसरी बाजूही आहे. मुंबईस जाणारा बहुधा पुरुष होता आणि व्याधी मुख्यतः स्त्रियांची होती. घर, गुरे, भातशेती आणि वृद्ध सासूसासरे यांना सोडून आठ-पंधरा दिवस परळला राहणे गावच्या स्त्रीला सुलभ नव्हते. म्हणजे ज्याला जाणे सोपे त्याला गरज कमी आणि जिला गरज अधिक तिला जाणे कठीण, अशी ही विसंगती होती.

मिठाचे धोरण आणि झाकलेली व्याधी

शासनाच्या दृष्टीने अवटू ग्रंथीचा प्रश्न दीर्घकाळ आयोडीनच्या कमतरतेचाच होता. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांग्रा खोऱ्यात केलेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाची उपयुक्तता सिद्ध झाली. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९९२ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले आणि २००६ पासून आयोडीनविरहित खाद्यमिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली. या कार्यक्रमाचे यश निर्विवाद आहे.

परंतु धोरणाची भाषा लोकांच्या समजुतीत उतरते तेव्हा तिचे सरलीकरण होते. ‘थायरॉइड म्हणजे मिठाचा आजार’ हे समीकरण रूढ झाले. ग्रेव्हज व्याधी आयोडीनच्या अभावाने होत नाही आणि आयोडीनयुक्त मिठाने ती बरी होत नाही. उलट आयोडीन पुरेसे असलेल्या प्रदेशांत ग्रंथीच्या अतिक्रियतेचे तेच प्रमुख कारण असते. मोजणीतील दुसरी उणीवही येथे नमूद केली पाहिजे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री पाहणीत प्रौढांमध्ये अवटू-मंदतेचे प्रमाण सुमारे ११ टक्के आढळले. परंतु ती पाहणी मुंबईसह आठ शहरी केंद्रांपुरती होती. पोलादपूरसारख्या डोंगरी तालुक्याचे चित्र अशा आकड्यांतून उमटत नाही.

चुकीची नावे आणि महाडचा धडा

मोजमाप दूर असताना व्याधीला दुसरी नावे मिळतात. वजन घटले की क्षयाची शंका येते. हात थरथरले, झोप उडाली, चिडचीड वाढली की स्वभावदोष, नजर किंवा बाहेरची बाधा असे म्हटले जाते. पाळी अनियमित झाली अथवा गर्भ राहिला नाही की दोष स्त्रीच्या माथी येतो. डोळे बाहेर आलेल्या अविवाहित मुलीच्या बाबतीत तर व्याधीपेक्षा तिच्या लग्नाची चिंता मोठी ठरते. या चुकीच्या नावांची किंमत कालहरणाच्या रूपाने मोजावी लागते. उपचाराविना राहिलेल्या अतिक्रियतेत हृदयाची लय बिघडते, हाडे ठिसूळ होतात आणि गर्भारपण धोक्यात येते.

केवळ प्रयोगशाळा नव्हती म्हणून हे अटळ होते काय? या प्रश्नाचे उत्तर महाडच्याच वैद्यकीय इतिहासात शोधता येते. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील कामापासून विंचूदंशाच्या रुग्णांचा अभ्यास आरंभला. घाम, उलट्या, गार पडणारे हातपाय आणि हृदयावरील ताण या लक्षणांची त्यांची नोंद १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आली आणि प्राझोसिनच्या उपयुक्ततेविषयीचे लेखन तेथेच १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंश आणि ग्रेव्हज व्याधी यांची कारणे व उपचार सर्वस्वी भिन्न आहेत. प्रश्न पद्धतीचा आहे. साधनांची उणीव असलेल्या ठिकाणी रुग्णाच्या खाटेजवळ बसून केलेले निरीक्षण जगाच्या ज्ञानात भर घालू शकते, हे या परिसरातच सिद्ध झाले.

ग्रेव्हज व्याधीलाही हीच पद्धत लागू पडते. भयग्रस्त वा चिंताग्रस्त व्यक्तीचा तळहात घामेजलेला परंतु गार असतो. ग्रंथीच्या अतिक्रियतेत तो घामेजलेला आणि उबदार असतो. झोपेतही न मंदावणारी नाडी, पसरलेल्या बोटांवर कागद ठेवताच दिसणारी थरथर, भूक असूनही घटणारे वजन, उकाडा न सोसणे आणि मानेवरील मऊ वाढ या गोष्टी आरोग्यसेविकेलाही टिपता येतात. त्यावर निदान होत नाही, परंतु टीएसएच तपासण्याचा निर्णय निश्चित होऊ शकतो. तालुक्याच्या गावी दिलेला रक्ताचा नमुना आज शहरातील प्रयोगशाळेत पोचू शकतो. तो कोणाचा पाठवायचा हे सुचण्यासाठी प्रथम संशय यावा लागतो.

व्याधीसह जगणे : पावसाळा आणि औषध

निदानानंतरचा काळ दीर्घ असतो. कार्बिमाझोल साधारणतः १२ ते १८ महिने घ्यावे लागते आणि ते थांबवल्यावर सुमारे निम्म्या रुग्णांत व्याधी उलटते. धडधड व थरथर यांसाठी आरंभी प्रोप्रानोलॉल दिले जाते. किरणोत्सारी आयोडीन अथवा शस्त्रक्रिया यांनंतर बहुतेकांना थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. म्हणजे एका टोकाची व्याधी दुसऱ्या, अधिक सुसह्य टोकाला नेली जाते. धूम्रपानाने डोळ्यांचा विकार बळावतो. गर्भधारणेचा विचार असल्यास औषध बदलण्याचा निर्णय आधीच व्हावा लागतो.

यांतील एक सूचना या परिसरात विशेष गंभीर आहे. कार्बिमाझोल घेणाऱ्या हजारांत दोन ते पाच रुग्णांत, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी घटतात. ताप आणि घसादुखी ही त्याची खूण असते. अशा वेळी गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासणे आवश्यक ठरते. कोकणच्या पावसाळ्यात ताप व घसादुखी घरोघर असते आणि त्याच दिवसांत रस्ते तुटतात. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाड–पोलादपूर मार्गावरील सावित्री नदीचा जुना पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराखाली गेले आणि तळिये गाव दरडीखाली गाडले गेले. आपत्तीच्या इतिहासात मृतांची व घरांची गणना होते. खंडित झालेल्या औषधांची होत नाही. सुरक्षित अंतर किलोमीटरांत मोजण्याऐवजी पावसाळ्यात तपासणीपर्यंत पोचण्यास लागणाऱ्या तासांत मोजले पाहिजे, हे या घटनांवरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

ग्रेव्हज व्याधीचा इतिहास निरीक्षणाने आरंभला आणि मोजमापाने पूर्णत्वास गेला. महाड–पोलादपूर परिसरात मोजमाप व उपचार दीर्घकाळ परळशी बांधलेले राहिले आणि तेथवरची वाट गिरणगावातील नातेसंबंधांवर अवलंबून होती. मिठाच्या धोरणाने कमतरतेचा प्रश्न हाताळला, परंतु अतिक्रियतेला लोकमानसात नाव मिळाले नाही. निरीक्षणाची परंपरा मात्र या मातीत आहे. आशा कार्यकर्त्या, आरोग्यसेविका आणि महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची पथके यांना ही मोजकी लक्षणे शिकवणे, तसेच कार्बिमाझोल घेणाऱ्या रुग्णांना पावसाळ्यापूर्वी पुरेशी औषधे व तापाविषयीची लेखी सूचना देणे, या उपायांसाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. मानेवरील सूज, उडालेली झोप आणि घटलेले वजन ही तीन स्वतंत्र दुखणी नसून एकच व्याधी असू शकते, एवढे ज्ञान वाडीवस्तीपर्यंत पोचले तरी अनेक स्त्रियांची वर्षे वाचतील.