सोलापूरची ख्रिस्ती मंडळी आणि मराठी मिशन

मराठी ख्रिस्ती जनांच्या बोलीत ‘मंडळी’ म्हणजे श्रद्धावंतांचा समुदाय. तो उपासनेस जमतो त्या वास्तूला हे नाव गौणपणेच लागते. हा भेद ध्यानी घेतल्यावाचून सोलापूरच्या मिशनकार्याचे मर्म कळत नाही.

पूर्वेतिहास : अमेरिकन बोर्ड या ख्रिस्ती मिशनसंस्थेचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईस उतरले आणि त्यांच्या कार्यातून अमेरिकन मराठी मिशन उदयास आले. अहमदनगरचे ठाणे 1831 मध्ये व तेथील पहिली मंडळी 1833 मध्ये स्थापन झाली.

तत्त्व : बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी 1854–55 मध्ये या मुलखाची पाहणी केली. मिशन हे पाहुणे व मंडळी हीच घरधनी, म्हणून तिने आपला कारभार आपण पाहावा, आपल्या पाळकाच्या वेतनाची तजवीज आपण करावी आणि सुवार्ताही आपणच पसरवावी, असा त्यांच्या धोरणाचा आशय होता. हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना 1854 मध्ये मिळालेली पाळकपदाची दीक्षा हे या दिशेचे पहिले ठळक पाऊल होय.

सोलापूर : मराठी, कानडी व तेलुगू या तिन्ही भाषा ज्या गिरणगावात नांदतात, तेथे चार्ल्स हार्डिंग व पुढे लॉरिन गेट्स यांनी मिशनचा व्याप वाढविला. मेरी हार्डिंग यांनी बालशिक्षणाचा पाया घातला. त्यांच्या नावाची बालशाळा या कार्याची साक्ष देते.

कीर्तन : मंडळीने देशी रूप धारण केले ते कीर्तनात. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात बायबलातील आख्यान, आणि साथीला टाळमृदंग, अशा परिचित वळणाने सांगितलेली कथा जिव्हाळ्याने ऐकली जाई, कारण तीत श्रोत्यांचीच भाषा व तिचा ठेका होता.

उत्तरकाल : बोर्डाच्या मंडळ्या 1924 मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये सामील झाल्या, आणि हे चर्च व इतर चर्चे एकत्र येऊन 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. मिशनचा मुक्काम सरला; परंतु बाळाचा बाप्तिस्मा, वधूवरांचा विवाह, मृताची मूठमाती व दुःखिताचा परामर्श ही कर्तव्ये मंडळीच निभावते, आणि मिशनकार्याचे खरे फलित हेच होय.