ब्रेक पॅडचा इतिहास: तांबे, अ‍ॅस्बेस्टॉस आणि पुन्हा तांबे

मोटार थांबते तेव्हा तिचा वेग नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. चाकाबरोबर फिरणारी बिडाची डिस्क आणि तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅड ती उष्णता सोसतात आणि सोसता सोसता झिजतात. झिजणाऱ्या पॅडमध्ये काय भरावे, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे.

ऑगस्ट १८८८. बर्था बेंझ पतीला न सांगता दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. शंभर किलोमीटरांहून लांबच्या त्या वाटेवर उतारांनी ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या ब्रेकचे हे पहिले ज्ञात अस्तर. आपल्या गॅरेजांत ज्याला ‘लायनर’ म्हणतात, त्याचा हा पूर्वज.

१९०२ मध्ये बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. कल्पना अचूक होती, पण अस्तर तांब्याचे होते. धुळीच्या रस्त्यांवर ते भराभर झिजे आणि धातूवर धातू घासून कानठळ्या बसत. यावर तोडगा काढला हर्बर्ट फ्रूडने. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात घोडागाड्यांच्या ब्रेकपासून सुरुवात केलेल्या या माणसाने आपल्या आडनावाची अक्षरे फिरवून, त्यात पत्नी एलिझाबेथच्या नावाचे एक अक्षर मिसळून ‘फेरोडो’ हे नाव घडवले. १९०८ च्या सुमारास त्याच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस आले. ते जळत नाही, स्वस्त आहे, आवाजही करत नाही. याहून सोयीचे काय हवे होते?

उत्तर रॉचडेलच्या एका गिरणीत मिळाले. अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली केरशॉ १९२४ मध्ये अवघ्या तेहतिसाव्या वर्षी मरण पावली. तिच्या फुप्फुसांत डॉ. विल्यम कुक यांना त्या खनिजाचे कण सापडले. तिच्या मालकांनी, टर्नर ब्रदर्सनी, भरपाई नाकारली. दोनच वर्षांनी फेरोडो त्याच घराण्याच्या टर्नर अँड न्यूऑल समूहात सामील झाली. धोका कळल्यानंतरही पॅडमधले अ‍ॅस्बेस्टॉस हटायला काही दशके गेली. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. तोवर हवेच्या दाबाने ब्रेकचे ड्रम फुंकून साफ करणारे मेकॅनिक तीच धूळ श्वासात घेत राहिले. या साऱ्या इतिहासातला सर्वांत कठोर भाग हाच.

डिस्कचा विजय मात्र शर्यतीत झाला. ड्रममध्ये उष्णता कोंडते आणि ब्रेकची पकड सुटू लागते. उघडी डिस्क वाऱ्याने निवते. १९५३ च्या ल मांस शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार सी-टाइप डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली. दोन वर्षांत सिट्रोएन डीएसच्या पुढच्या चाकांवर डिस्क आल्या. भारतातल्या अनेक छोट्या मोटारींत आजही पुढे डिस्क आणि मागे ड्रमच असतात.

आज पॅड बदलताना हा इतिहास हाताशी येतो. एका आसाच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलावे लागतात, नाहीतर ब्रेक लावताच मोटार एका बाजूला ओढते. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. झिजून तिच्या खाली गेलेली डिस्क कितीही गुळगुळीत दिसली तरी बाद. नवी डिस्क बसवण्याआधी हबवरचा गंज घासून काढतात, कारण थोडीही वाकडी बसलेली डिस्क पेडलला थरथर देते. डिस्कवरचे गंजरोधक तेल धुवायचे आणि चाक लावल्यावर, मोटार हलवण्याआधी, पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचे. मग मोकळ्या रस्त्यावर अनेकदा हलके ब्रेक लावून पॅडचा पातळ थर डिस्कवर बसू द्यायचा. आणि जुनी धूळ फुंकायची नाही, ओल्या क्लीनरने धुवायची. हा शेवटचा नियम नेलीच्या आणि त्या मेकॅनिकांच्या पिढ्यांनी शिकवला.

अ‍ॅस्बेस्टॉस गेल्यावर अनेक पॅडमध्ये उष्णता वाहून नेणारे तांबे परतले. पावसाबरोबर त्याची भुकटी ओढ्यांत उतरली आणि त्यामुळे सामन माशांची वास घेण्याची शक्ती मंदावते, असे आढळले. २०१० मध्ये वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांनी कायदे केले: २०२१ पासून नव्या पॅडमध्ये तांबे ५ टक्क्यांखाली, २०२५ पासून ०.५ टक्क्याखाली. अमेरिकी बाजारातल्या पॅडच्या कडेवरील खुणेत ‘एन’ अक्षर असेल, तर तो दुसऱ्या मर्यादेत बसतो. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या युरोपच्या ‘युरो ७’ नियमांत धुराड्याबरोबर ब्रेकच्या धुळीलाही प्रथमच मर्यादा आली आहे.