नाशिकचे जलसे आणि मुक्तीची गाणी



नाशिकचे नाव निघाले की गोदावरी, पंचवटी आणि सिंहस्थाचा मेळा हीच आठवण प्रथम होते. पण ह्याच जिल्ह्याने महाराष्ट्राला गाण्याचा एक मोठा वारसा दिला आहे, आणि त्याची ओळख आपल्या शाळांतल्या पुस्तकांत फारशी होत नाही. आज त्या गाण्याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

त्र्यंबकच्या रस्त्यावरचे सातपूर घ्या. एके काळी हे शेतीवाडीचे गाव. १९६० नंतर तेथे कारखाने आले, गावोगावची माणसे पोटासाठी येऊन राहिली. १९८२ साली नाशिकची महानगरपालिका झाली आणि सातपूर शहरात आले. अशा कामगार वस्तीत १४ एप्रिलच्या रात्री जाऊन उभे राहा. बाबासाहेबांच्या जयंतीची गाणी चाललेली असतात. म्हातारी माणसे पहिला शब्द निघताच पुढची ओळ म्हणू लागतात. कुणी शिकवली त्यांना ही गाणी? त्याचे उत्तर शोधायला सातपूरहून दोन-तीन कोस पूर्वेला, पंचवटीतल्या काळाराम मंदिराच्या दारापाशी जावे लागते.

२ मार्च १९३० ह्या दिवशी त्या दाराशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. आदल्या सभेला पंधरा हजारांच्या आसपास माणसे जमली होती. तेथून मिरवणूक निघाली, तिच्यापुढे बँड होता आणि मिरवणुकीत शेकडो बायाही होत्या. मागणी एवढीच, की ज्या रामाचे नाव आम्ही घेतो त्याच्या देवळात आम्हांला जाऊ द्या. देवळाची दारे बंद झाली. दुसऱ्या दिवशी सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया अशी पहिली तुकडी चारही दरवाजांवर जाऊन बसली. भाऊराव गायकवाड, म्हणजे आपले दादासाहेब, अमृतराव रणखांबे ह्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा लढा पुढे चालविला. तो कमीजास्त जोराने १९३५ पर्यंत चालला, तरी दार उघडले नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी ह्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

आता विचार करा. पाच वर्षे दार बंद. अंगावर दगड पडलेले. गावी परत गेले की पाटलाचा राग, सावकाराचा तगादा, कामावर बोलावणे बंद. अशा वेळी खेड्यापाड्यांतल्या माणसांचा धीर टिकवायचा कसा? 'जनता' पत्र १९३० च्या नोव्हेंबरात निघाले खरे, पण वस्तीत वाचता येणारा माणूस शोधून सापडायचा नाही. तेथे कामाला आले गाणे.

गाण्याचा हा मार्ग आधी जोतीराव फुल्यांच्या अनुयायांनी दाखविला होता. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे त्याचे विचार सांगण्यासाठी सत्यशोधक जलसे निघाले. जलसा म्हणजे तमाशाच्या घरातलेच लेकरू. पण वळण वेगळे. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, झांज तीच. तमाशात गण, गौळण, लावणी आणि वग असतो. जलशात गण राहिला, पण गौळणीच्या थट्टेची जागा सुधारणेच्या बोलण्याने घेतली आणि वगाऐवजी छोटा फार्स आला. त्यात एक अडाणी गडी, एक शहाणा गडी. अडाणी विचारतो, शहाणा उत्तर देतो. पोराला शाळेत का घालायचे, दारू का सोडायची, मेलेल्या जनावराचे मांस का खायचे नाही, सावकाराच्या कागदावर अंगठा का उठवायचा नाही, असे रोजच्या जगण्यातले प्रश्न. लोक पोट धरून हसत, आणि हसता हसता गप्प होत.

नाशिक जिल्ह्यात हे काम नेटाने केले भीमराव कर्डक ह्यांनी. १९३१ च्या सुमारास त्यांचा जलसा उभा राहिला आणि गावोगाव फिरू लागला. पुढे त्यांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहून ठेवले. आपल्या दहा सभा आणि ह्या मंडळींचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण आजही आवर्जून सांगितली जाते. त्यात कौतुक आहेच, पण हिशेबही आहे. सभा दिवसा होते, माणूस ऐकतो आणि जातो. जलसा रात्री होतो, बायापोरांसकट सारी वस्ती बसते, आणि सकाळी बाई जात्यावर बसली की रात्रीचे गाणे तिच्या तोंडात येते. भाषण विसरेल, चाल विसरत नाही.

मंडळी, हीच गोष्ट सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतही घडली. तेथील काळ्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या गुलामी भोगली. जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली अर्पण केले, ते गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना; म्हणजे हे नाते जुनेच आहे. गुलामी गेली तरी भेद उरला. १९५५ मध्ये माँटगोमरी शहरात बसमधील भेदाविरुद्ध बहिष्कार सुरू झाला आणि पुढच्या सगळ्या लढ्यात चर्चमधली भजने कामाला आली. एक जण ओळ सोडतो, बाकीचे ती उचलतात. आपल्याकडे झीलकरी झील धरतात ना, तसेच. जुन्या भजनातला एखादा शब्द बदलला की तेच लढ्याचे गाणे. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या प्रचंड सभेत मार्टिन ल्यूथर किंग बोलले, त्याच व्यासपीठावर महालिया जॅक्सन गायल्या. त्या पिढीतल्या मेव्हिस स्टेपल्स लहानपणापासून वडिलांच्या आणि भावंडांच्या जोडीने गात आल्या. वडील मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यात राबलेले. साठी उलटल्यावर, २००७ साली, त्यांनी ती लढ्याची गाणी नव्याने गाऊन काढली. नव्या पोरांना ती कळावीत, हाच त्यामागचा भाव.

आपल्याकडचा तसाच म्हातारपणापर्यंत गाणारा माणूस म्हणजे वामनदादा कर्डक. आडनाव एकच असले, तरी भीमराव वेगळे आणि वामनदादा वेगळे, बरं का. वामनदादांचा जन्म सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, १५ ऑगस्ट १९२२ चा. पोटासाठी मुंबई गाठली. गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत राबले. अक्षर येत नव्हते. शिवडीच्या चाळीत एकाने विश्वासाने पत्र वाचायला हातात दिले आणि ह्यांना ते वाचता येईना. ती लाज मनाला लागली. देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना मुळाक्षरे शिकविली. मग दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे जमली. शिक्षक बंधुभगिनींनो, प्रौढपणी असा अक्षराला भिडलेला हा माणूस पुढे हजारो गाणी लिहून गेला. एका मास्तराने दिलेले अक्षर कुठवर पोचते ते पाहा.

१९५६ मध्ये धर्मांतर झाले आणि त्याच वर्षी बाबासाहेब गेले. जुना जलसा हळूहळू मागे पडला, फार्स गेला आणि गायनपार्ट्या आल्या. पेटी, ढोलकी, कव्वालीचा ठेका. वामनदादा ह्या काळाचे थोर गायक. सिनेमाची चाल लोकांच्या कानात असते हे त्यांनी ओळखले आणि त्या चालींवरही आपले शब्द चढविले. बोली साधी, पण प्रश्न टोकदार. धनाचा वाटा कुणाला, कष्टाचा वाटा कुणाला, हे ते भर सभेत विचारीत. गावोगाव हिंडत, मिळेल ते खात, मिळेल तेथे मुक्काम करीत त्यांनी आयुष्य काढले. १५ मे २००४ रोजी ते गेले. त्यांची काही गाणी पुस्तकांत आली आहेत. 'वाटचाल' आणि 'मोहळ' ही त्यांतली दोन नावे.

पण सगळेच गाणारे वामनदादांएवढे नावाजले नाहीत. कित्येक जलसेकार शेतावर राबता राबता गेले आणि त्यांची गाणी त्यांच्याबरोबर गेली. जी उरली ती म्हाताऱ्या माणसांच्या ओठांवर आहेत. कागदावर नाहीत.

म्हणून एक विनंती. शिक्षकांनी मुलांना हे काम जरूर द्यावे. आपल्या वस्तीतल्या आजी-आजोबांजवळ बसावे, गाणे ऐकावे, जसेच्या तसे वहीत उतरवावे. एखादा शब्द अशुद्ध वाटला तरी सुधारू नये. गाणे कोणी रचले, कोठे ऐकले, चाल कोणती, हे खाली लिहावे. काळारामाच्या दाराशी कोण कोण बसले होते ह्याची यादी पुरती सापडायची नाही. पण ते कशाच्या बळावर बसून राहिले हे त्या वहीत सापडेल.